कट चहा, फिल्टर कॉफी, थिअनिन, ब्राह्मी: तरतरीच्या वस्तूंचं माप, वेळ आणि चुका

बिनसाखर (धागाकर्ता)

अभ्यासिकेतली मुलं आणि रात्रपाळीचे लोक एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: झोप उडवायला आणि डोकं चालायला काय घ्यावं? उत्तरं "मला फरक पडला", "मला नाही पडला" यापुढे जात नाहीत. इथे आकडे लिहू. किती, कधी, कशासोबत नको आणि बिघडतं कुठे. "भावाच्या मित्राने घेतलं" छाप अनुभव नकोत.

सुरुवात चहापासून करतो, कारण सोलापुरात तरतरीचं पहिलं औषध तेच. कप मोजणं सोडा, पत्ती मोजा. टपरीचा कट साठ-सत्तर मिलीचा, घरचा कप दीडशेचा, हॉटेलातला भलताच. सीटीसी, म्हणजे दाणेदार पत्ती नीट उकळली की एका ग्रॅममधून साधारण २५ ते ३० मिग्रॅ कॅफीन उतरतं. २५० ग्रॅमचा पुडा चार माणसांत दहा दिवस पुरत असेल, तर माणशी रोज सव्वासहा ग्रॅम पत्ती, म्हणजे १५५ ते १९० मिग्रॅ. बाहेरचे कट यात धरलेले नाहीत. ते प्रत्येकी तीसेक मिग्रॅ धरून वर मिळवा.

मर्यादा: आयसीएमआर-एनआयएन, म्हणजे सरकारी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिग्रॅ म्हटलंय. युरोपातली अन्नसुरक्षा संस्था निरोगी प्रौढाला दिवसभरात ४००, एका वेळी २०० पर्यंत चालतं म्हणते. गरोदरपणात दिवसाला २०० च्या आत.

शेंगाचटणी

म्हणजे काळाकुट्ट चहा मारला की जास्त कॅफीन, बरोबर ना? आमच्या कोपऱ्यावर तोच गाळ तीनदा उकळतात. चमचा उभा राहतो त्यात.

बिनसाखर

नाही ओ. कॅफीन पाण्यात पटकन विरघळतं, पहिल्या चार-पाच मिनिटांच्या उकळीतच बहुतेक निघून येतं. त्याच गाळात पाणी घालून पुन्हा उकळलं की रंग आणि तुरटपणा येतो, तो टॅनिनचा. कॅफीन फारसं उरलेलं नसतं. दूध घातल्यानेही कॅफीन कमी होत नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन टॅनिनला धरतं, म्हणून तुरटपणा तेवढा मरतो. तिसऱ्या उकळीच्या चहाने मिळते ती ॲसिडिटी. झोप तशीच.

डिकॉक्शन

फिल्टर कॉफीचा हिशोब मी देतो. सोलापूरच्या पूर्वभागात आणि उडपी हॉटेलांत पितळी फिल्टर अजून चालतात.

पुड्यावर कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते आधी वाचा. ७०:३० असेल तर २० ग्रॅम पुडीत कॉफी १४ ग्रॅम. चिकोरीत कॅफीन शून्य. अरेबिका बीत सव्वा टक्क्याच्या आसपास कॅफीन, रोबस्टात जवळपास दुप्पट. मिश्रण कसं आहे त्यावर १४ ग्रॅममधून १७० ते २८० मिग्रॅ निघेल. त्या डिकॉक्शनचे, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या काढ्याचे, चार पेले केले तर पेल्याला ४० ते ७०. "फिल्टर कॉफी लय स्ट्राँग" हा समज चिकोरीच्या कडूपणामुळे आहे.

उतरवताना होणारी चूक: वरच्या भांड्यातली पुडी दट्ट्याने जास्त दाबतात. मग पाणी खाली उतरतच नाही किंवा एका कडेने वाट काढतं. हलकं दाबा, आधी दोन चमचे उकळतं पाणी घालून अर्धा मिनिट पुडी फुगू द्या, मग उरलेलं ओता. पंधरा-वीस मिनिटं लागतात.

इन्स्टंट पावडर १०० टक्के कॉफीची असेल तर सपाट चमचा, म्हणजे दोन ग्रॅम, ५० ते ६५ मिग्रॅ. स्वस्त पाकिटांत निम्मी चिकोरी असते, तिथे आकडाही निम्मा.

तिसरी_पाळी

यंत्रमागावर रात्री ८ ते सकाळी ८ अशी पाळी धरू. चुकीची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: अकराला दोन कट, पहाटे चारला डोळे मिटायला लागले की आणखी तीन, आणि घरी गेल्यावर दहा वाजता छताकडे बघत पडायचं.

कॅफीनचं अर्धायुष्य सरासरी पाच तास. पहाटे चारला ९० मिग्रॅ पोटात गेलं तर सकाळी नऊला ४५ रक्तात फिरत असतं, म्हणजे दीड कट पिऊन अंथरुणात शिरल्यासारखं. प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिग्रॅ दिल्यावरसुद्धा एक तासाहून जास्त झोप कमी झाल्याचं नोंदलंय. म्हणून उलट मोजा. साडेनऊला झोपायचं असेल तर शेवटचा चहा तीनला.

एकदम २०० घेण्यापेक्षा ९, ११, १ आणि ३ ला पन्नास-पन्नास जास्त चांगलं चालतं. असर अर्ध्या ते एका तासात चढतो, तेव्हा झोप येण्याच्या आधी प्यायचं. डोळे मिटायला लागल्यावर प्यायलात तर पुढचा अर्धा तास तसाच जातो.

शरीराचं तापमान पहाटे तीन ते पाचमध्ये सगळ्यात खाली असतं, म्हणून पेंगही तेव्हाच जास्त. तीनचा चहा पिऊन लगेच वीस मिनिटं डोळा लावता आला तर उत्तम. उठता उठता चहा चढतो. पण उठल्यावर पंधरा मिनिटं चालत्या मागात हात घालायचा नाही. कांडी बदलणं, तुटलेली तार जोडणं नंतर. अर्धवट झोपेतल्या माणसाला मागात इकडून तिकडे धावणारा धोटा दिसतो, पण हात वेळेवर मागे येत नाही.

सकाळी घरी जाताना काळा चष्मा, आणि खिडकीवर जाड चादर. सोलापुरात चादरीला तोटा नाही.

हिशोबी

+१. त्यात साखर धरा. टपरीच्या ग्लासात पाच ते आठ ग्रॅम. आठ कट म्हणजे ४० ते ६४ ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची वरची रेघ दिवसाला पन्नासच्या आसपास आहे. रात्री दोनला येणारी सुस्ती बऱ्याचदा साखरेची आणि डब्यातल्या भाताची असते. चहावर खापर फुटतं.

अभ्यासिका_सात_रस्ता

एनर्जी ड्रिंक चालेल का? पूर्वपरीक्षेच्या काळात पोरं डबेच्या डबे रिचवतात. आणि ऑनलाइन कॅफीनची पूड मिळते, ती स्वस्त पडते म्हणे.

गोळीबंद

दोन्हीची उत्तरं.

एनर्जी ड्रिंक: एफएसएसएआय, म्हणजे आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने कॅफीनयुक्त पेयात लिटरला १४५ ते ३०० मिग्रॅ कॅफीन असावं लागतं. २५० मिलीच्या डब्यात जास्तीत जास्त ७५. म्हणजे अडीच कट, त्यावर पंचवीसेक ग्रॅम साखर. डब्यावरच "दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त नको" असं छापलेलं असतं. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी नाही हेही तिथेच लिहिलेलं असतं. थंडगार आणि गोड असल्याने दोन डबे पाच मिनिटांत संपतात, खरा घोळ तो. गरम चहा तसा घटाघटा पिता येत नाही.

पूड: अजिबात नको. शुद्ध कॅफीनचा एक चहाचा चमचा तीन ग्रॅमच्या वर जातो. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध प्रशासनाने १२०० मिग्रॅ झटपट घेतल्यावर फिट येण्याइतकी विषबाधा होऊ शकते असं बजावलंय. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो, तिथे ०.१ ग्रॅम आणि ०.६ ग्रॅम यांतला फरक तुम्हाला कळणारच नाही. सराफाचा काटा बरा, पण वारा, पंखा आणि सपाट नसलेलं टेबल यांनी त्याचाही आकडा हलतो. ज्याला नेमकं माप हवं त्याने पत्ती मोजावी. चुकून दुप्पट टाकली तरी जीव जात नाही.

लक्षात न येणारं कॅफीन: डोकेदुखीच्या काही मिश्र गोळ्यांत ३० ते ६५ मिग्रॅ असतं. पाकिटाच्या मागे घटक वाचा. अशा मिश्र गोळ्या महिन्यात दहा किंवा जास्त दिवस घेतल्या तर गोळीमुळेच रोजची डोकेदुखी जडू शकते.

नवी_पेठ

रोज्यात आणि कडक उपवासात डोकं दुखतं ते यामुळेच का?

गोळीबंद

बहुतेक वेळा. रोजचं कॅफीन तुटलं की १२ ते २४ तासांत डोकं जड होतं, एक-दोन दिवसांत कळस आणि दोन ते नऊ दिवसांत निवळतं. रमजानच्या आधी आठ-दहा दिवस उतरवायला घ्या: दर दोन दिवसांनी पत्ती पावपट कमी करा, दुपारचा चहा आधी बंद, सकाळचा शेवटी. सेहरीला अर्धा कप ठेवला तरी चालतं, पण पाणी त्याच्या दुप्पट.

एकादशीला चहा चालतो म्हणून उलटं होतं. पोटात भगर नाही न साबुदाणा, आणि दुपारपर्यंत सहा चहा. मग छातीत धडधड आणि हाताला कंप. उपवासाला दोन पुरे.

कडकभाकरी

मेमध्ये पारा ४३-४४ वर गेला की चहाने अंगातलं पाणी आटतं, असं घरचे म्हणतात.

बिनसाखर

रोज पिणाऱ्याच्या अंगातलं पाणी नेहमीच्या मात्रेने आटत नाही. लघवी थोडी वाढते, पण चहातलं पाणी त्याहून जास्त असतं. नुकसान होतं ते तहान चहावर भागवल्यामुळे. उन्हात काम असेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त पडलं तर उलटा परिणाम होतो.

पाटीवाला

मुद्दा चहाचाच चाललाय. निम्मं सोलापूर मावा (सुपारी-तंबाखू-चुन्याचा) आणि तंबाखूवर जागतं. त्यालाही तरतरीच म्हणतात की.

गोळीबंद

म्हणतात, आणि हिशोबही सोपा आहे. निकोटीनचं अर्धायुष्य दोन तासांच्या आसपास. म्हणून दर दीड-दोन तासांनी चिडचिड आणि जांभया सुरू होतात. पुढची चिमूट ती चिडचिड मिटवते, त्यालाच माणूस तरतरी समजतो. सुपारीतलं अरेकोलीन वेगळं. सुपारी, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात २००४ पासून आहे. तपासणी घरी होते: तीन बोटं उभी करून तोंडात जातात का पाहा. जात नसतील किंवा तिखट भाजी झोंबायला लागली असेल तर दंतवैद्य गाठा. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक.

आता फारसं कुणी न सांगणारी गोष्ट. विडी-सिगारेटच्या धुराने यकृतातलं कॅफीन मोडणारं एन्झाइम वाढतं. हे काम धुराचं आहे, निकोटीनचं नाही. म्हणून विडी ओढणाऱ्याला सात चहा पचतात. विडी सोडली की आठवड्याभरात तेच सात चहा दुप्पट लागतात: झोप जाते, हात थरथरतो, आणि माणूस म्हणतो "विडी सोडल्याने त्रास झाला" आणि परत पेटवतो. विडी सोडाल त्याच आठवड्यात चहा निम्मा करा. मावा सोडणाऱ्यांना हे लागू नाही, तिथे धूर नाही.

अभ्यासिका_सात_रस्ता

निकोटीनच्या च्युइंगमने एकाग्रता वाढते असं वाचलं. तंबाखू न खाणाऱ्याने घेतलं तर?

गोळीबंद

सवय लागेल, एवढं नक्की. ते सोडणाऱ्यांसाठी आहे. त्यांच्यासाठी रीत: चावा, झिणझिणी आली की गालात ठेवा, ओसरली की पुन्हा चावा. सतत चावलं तर रस पोटात जातो, उचकी आणि जळजळ. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, तोंड आंबट झालं की निकोटीन शोषलं जात नाही.

मेंदूचा_पाना

डोकं चालवणारी म्हणून विकली जाणारी औषधं, त्यांना लावतात तो नूट्रॉपिक हा शब्द बघू. बेल्जियमच्या यूसीबी कंपनीत कॉर्नेलिउ जुर्जा यांनी १९६४ मध्ये पिरासिटाम बनवलं आणि १९७२ मध्ये हा शब्द काढला. त्यांची अट अशी की स्मरण-शिक्षण सुधारावं, मेंदूला इजा नसावी, आणि झोपवणारा किंवा चेतवणारा असर नसावा. त्या व्याख्येत चहा-कॉफी बसतच नाही. गंमत म्हणजे निरोगी तरुण माणसात पिरासिटामचा पुरावा चहाइतकाही नाही.

थिअनिन: चहातलंच अमिनो आम्ल. बऱ्याच प्रयोगांत शंभरेक मिग्रॅ थिअनिन आणि ४०-५० मिग्रॅ कॅफीन एकत्र दिलंय. एका कामावरून दुसऱ्यावर लक्ष वळवताना चुका थोड्या कमी होतात, कॅफीनची धडधड सौम्य होते. फरक लहान आहे. एका कपात फार तर पंचवीसेक मिग्रॅ असतं, म्हणजे चहा वाढवून ती मात्रा गाठायला गेलात तर कॅफीन आधी डोक्यावर बसेल. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

क्रिएटिन मोनोहायड्रेट: रोज ३ ते ५ ग्रॅम, वेळ कुठलीही, तीन-चार आठवड्यांत स्नायूंमधला त्याचा साठा भरतो. झोपेच्या तुटीत आणि शाकाहारी लोकांत थोडा बौद्धिक फायदा काही प्रयोगांत दिसलाय. यात चेतवणारं काही नाही. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम जोखतात, ते वाढलेलं दिसू शकतं, तेव्हा लॅबला आणि डॉक्टरांना आधीच सांगा, नाहीतर किडनीच्या नावाने घरात रडारड. किडनीचा आजार असेल तर घेऊच नका.

पानफूल

ब्राह्मीवर येते, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच.

रोपवाटिकेत "ब्राह्मी" म्हणून मिळणाऱ्या कुंडीत दोन वेगळ्या वनस्पती असू शकतात. पान गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं, लांब देठाचं, कडेला बारीक दाते: ती मंडूकपर्णी. पान छोटं, जाडसर, देठाविना, चमच्यासारखं, समोरासमोर जोडीने, फूल पांढरट-जांभळं: ती नीरब्राह्मी. स्मरणशक्तीचे बहुतेक प्रयोग नीरब्राह्मीवर झालेत. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने तिचाच अर्क तयार केला. मंडूकपर्णी वाईट नाही, पण एकीचे निष्कर्ष दुसरीला लावू नका.

मात्रा: प्रयोगांत रोज ३०० मिग्रॅ प्रमाणित अर्क, त्यात बॅकोसाइड (नीरब्राह्मीतला मुख्य घटक) ५० ते ५५ टक्के, १२ आठवडे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरू करून उपयोग शून्य. साध्या चूर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅम, आणि ती अर्काच्या आकड्याशी जुळत नाही. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ, पोटात मुरडा, पातळ संडास. जेवणानंतर घ्या. तुपासोबत देण्याची जुनी रीत आहे तीही पोटाला मानवते.

आणखी एक: नीरब्राह्मी दलदलीत वाढते आणि पाण्यातले जड धातू शोषून घेते. नाल्याकाठची तोडून आणू नका. बाटलीवर जड धातूंची तपासणी केल्याचा उल्लेख आहे का ते बघा.

शंखपुष्पीचाही असाच गोंधळ. तीन-चार वेगळ्या वनस्पती त्या नावाने खपतात, त्यात आपली निळी गोकर्णही आली. अश्वगंधा तरतरीची नाही, ताण-झोपेची. सकाळी घेऊन अभ्यासाला बसलेल्याला पेंग येऊ शकते. यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज दिसली तर बंद. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर नको.

शेंगाचटणी

आणि वेखंड? आमच्याकडे बाळाच्या जिभेला लावतात, वाणी फुटायला.

पानफूल

भारतीय वेखंडात बीटा-ॲसारोन भरपूर असतं, उंदरांत त्याने गाठी झाल्या. अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत बंदी आहे. बाळाला तर नकोच.

अभ्यासिका_सात_रस्ता

मोडाफिनिलबद्दल कुणी बोलत नाहीये.

गोळीबंद

बोलतो, मात्रा सोडून. डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे. नार्कोलेप्सी (दिवसा आवरता न येणाऱ्या झोपेचा आजार), झोपेत श्वास अडकण्याच्या आजारातली दिवसाची पेंग आणि पाळीच्या कामाने बिघडलेली झोप यांसाठी. अर्धायुष्य १२ ते १५ तास, म्हणून दुपारी घेतलेली गोळी त्या रात्रीची झोप खाते. झोप गेली की वाचलेलं पक्कं होत नाही, मग जागून उपयोग काय? गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, बंद केल्यावरही महिनाभर. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर थांबायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. क्वचित होतं, पण जिवावर बेततं.

एकाग्रतेच्या आजारावरचं मिथाइलफेनिडेट तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे. मित्राच्या चिठ्ठीवरची गोळी घेणं हा गुन्हा ठरू शकतो. कुणाला खरंच एकाग्रतेचा आजार वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ.

हिशोबी

पैसे घालवण्याआधी चार तपासण्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, टीएसएच (थायरॉइड). शाकाहारी घरांत बी१२ कमी असणं अगदी नेहमीचं. जेवणावर चहा पिण्याची सवय लोहाचं शोषण मारते, मग लोह कमी म्हणून थकवा, थकवा म्हणून आणखी चहा. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. घोरणं, सकाळी तोंड कोरडं आणि दिवसा पेंग हे तिन्ही असेल तर झोपेची तपासणी.

नवी_पेठ

थायरॉइडच्या गोळीवर चहा किती वेळाने?

गोळीबंद

साध्या पाण्यासोबत रिकाम्या पोटी गोळी, मग निदान अर्धा तास, तासभर उत्तम. लोहाची गोळी चहापासून दोन तास लांब, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास. सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तेवढे दिवस चहा निम्मा, ते कॅफीनचा निचरा अडवतं. दम्यासाठी थिओफिलिन असेल तर चहा-कॉफी कमी, दोघं सख्खे भाऊ आहेत, धडधड वाढते. लिथियम घेणाऱ्याने कॉफी अचानक सोडू नये, रक्तातली लिथियमची पातळी चढते.

मेंदूचा_पाना

थिअनिन लागू पडतं का हे स्वतःवर तपासायची रीत. एकाच आकाराच्या रिकाम्या अपारदर्शक कॅप्सूल घ्या. दहात थिअनिन, दहात तांदळाचं पीठ. भरणं आणि चिठ्ठ्या टाकून १ ते २० क्रमांकाच्या पाकिटांत घालणं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं, यादी त्यांच्याकडेच. रोज त्याच वेळी, तितकाच चहा, एक कॅप्सूल. पाऊण तासाने सीसॅटच्या (स्पर्धा परीक्षेतला आकलन-बुद्धिमापनाचा पेपर) जुन्या प्रश्नपत्रिकेतले दोन उतारे, घड्याळ लावून. बरोबर उत्तरं आणि लागलेली मिनिटं लिहा. कॅप्सूल सुरू करण्याआधीचे पाच दिवस नुसता सराव, त्यांचे गुण धरू नका, कारण सरावानेच गुण वाढतात. वीस दिवस झाल्याशिवाय यादी उघडायची नाही. बहुतेकांना सरासरीत एखाद्या गुणाचाही फरक दिसत नाही.

कडकभाकरी

रिकाम्या कॅप्सूल उन्हाळ्यात भरताना तडकतात, त्याचं काय?

मेंदूचा_पाना

आपल्याकडची मेमधली हवा कोरडी, जिलेटिनमधलं पाणी उडतं आणि कवच ठिसूळ होतं. पावसाळ्यात उलटं, एकमेकींना चिकटतात. घट्ट झाकणाच्या डबीत, घरातल्या सगळ्यात गार कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर ओल धरतात. आणि वीसच्या वीस एका संध्याकाळी भरून ठेवा. निम्म्या मेमध्ये आणि निम्म्या जूनमध्ये भरल्या तर हाताला लागूनच कळेल कुठली कुठली आहे.